नाना आणि अडकलेले अठ्ठ्याहत्तर

नाना, तुम्ही गेल्यापासून घरात येणारं प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल चांगलंच बोलतंय, आणि मला त्याचा वीट आलाय. ‘शांत माणूस होता हो.’ शांत? तुम्ही? मॅच चालू असली की तुमचा आवाज आपल्या इंदिरानगरच्या गल्लीत चार घरं पलीकडे जायचा. ‘कधी कुणाला दुखवलं नाही.’ अहो, सातपूरच्या कारखान्यात तुम्ही जन्मभर मालाची तपासणी केलीत, निम्म्या मशिनवाल्यांशी तुमचा उभा दावा होता, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंय. सगळे मिळून तुमच्या जागी भलताच कुणी सद्गुणी माणूस आणून बसवताहेत. आणि मी, तुमची सून, चहाचे कप गोळा करत मान हलवतेय. आत मात्र नुसती तगमग चाललीय. कारण आपल्या दोघांचं शेवटचं धड बोलणं म्हणजे भांडण होतं, आणि ते अर्ध्यावर राहिलंय.

आज एकविसावा दिवस. एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून उठते. कामावर जाते तर घराकडे ओढ, घरी आले की बाहेर पळावंसं वाटतं. अमोल म्हणतो, रड एकदा मोकळी. तुमचा मुलगा चांगला आहे हो, पण त्याला काय माहीत मला काय टोचतंय ते. त्याला मी सांगितलेलंच नाही.

कायद्याचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, जिथून आपली द्राक्षं परदेशी जातात, तिथं चाळीस बायकांच्या लाइनवर मी सुपरवायझर. त्या बायकांच्या सह्या-अंगठे घेणं माझ्याकडे. कमलमावशींची बोटं कोल्डरूमच्या दारात चेमटली तेव्हा साहेबांनी एक कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं की या बाई आमच्या कामगार नाहीत, स्वतःच्या जबाबदारीवर येतात. खाली मावशींची सही. ती मीच घेतली होती. ‘करा हो मावशी, नुसती फॉर्मॅलिटी आहे,’ असं म्हणून. मी स्वतः तो कागद वाचलेला नव्हता.

तुम्ही गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होतात. ऐकून घेतलंत सगळं. ‘तुझी काय चूक गं,’ असं तुम्ही म्हणाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, “चूक तर हायेच तुझी. मंग आता वाचायला शीक.” झालं. त्या एका वाक्यावर मी एकतिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या लॉच्या सीईटीचा फॉर्म भरला.

पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. या वर्षी मीच सगळ्यांसमोर म्हणून बसले, हा शेवटचा प्रयत्न, नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही. तुम्ही तेव्हा पेपरातून डोकं वर काढून म्हणालात, “शेवटचा-बिवटचा म्हनू नये, तोंडात राहतं.” पण कामाला मात्र तुम्हीच लागलात. आईंना ताकीद दिलीत, सकाळी सहा ते आठ तिला कुणी हाक मारायची नाय. दर रविवारी माझा मॉक पेपर. एकशेवीस प्रश्न, दोन तास. माझा मोबाईल तुमच्या सदऱ्याच्या खिशात आणि तुमचं घड्याळ टेबलावर. कारखान्याचा भोंगा अंगात भिनलेला, त्यामुळे दहा मिनिटं आधीच ओरडायचात, “आवरा, आवरा!” मी किंचाळायचे, नाना, अजून वेळ आहे! तुम्ही म्हणायचात, “परीक्षेत भोंगा तुला विचारून व्हनार हाय का?” किती राग यायचा तुमचा. आता रविवारी घर इतकं गप्प असतं की मला तोच राग हवाय परत.

आणि मग ते अठ्ठ्याहत्तर. सुरुवातीला भराभर चढले, साठ, पासष्ट, बहात्तर. तुम्ही कॅलेंडरवर मार्क लिहीत होतात, त्या त्या रविवारच्या चौकोनात. मग अठ्ठ्याहत्तर आले, आणि तिथंच बसले. सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. दोन महिने! गाडी चिखलात रुतावी तशी मी नुसती चाकं फिरवत होते. चारला उठायला लागले. नवं पुस्तक आणलं, मग आणखी एक. कंपनीच्या बसमध्ये कानात लेक्चर, जेवताना चालू घडामोडी. भाजीत मीठ दोनदा पडलं, तुम्ही दोन्ही वेळा मुकाट खाल्लंत. आणि रविवारी तेच, अठ्ठ्याहत्तर. एकदा तर मी पेपर भिरकावून दिला. म्हटलं, माझं डोकंच एवढं आहे, त्याच्या पुढे नाहीच जात.

तुम्ही तो पेपर उचललात. मॉकची झेरॉक्स मी पेन्सिलने सोडवायचे, खोडायला बरं म्हणून. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, कागद खिडकीशी नेलात आणि तिरका धरलात. लेथवरून आलेल्या तुकड्यावर ओरखडा आहे का बघताना धरत असाल तसा. एकेक पान. मी म्हटलं, काय बघताय? तुम्ही पुढचं पान उलटलंत. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारत बसलात. अर्ध्या तासानं मला हाक मारलीत.

“सतरा ठिकानी तू उत्तर बदललंय. खोडलं तरी खाली वळ दिसतो. सतरातले अकरा आधी बरोबर व्हते, ते तू खोडून चुकीचे केले. तीन चुकीचे बरोबर केले. तीन चुकीचे व्हते, ते बदलून दुसरे चुकीचेच केले.”

मी वाकून त्या रेघा बघितल्या.

“म्हंजे तुझे अठ्ठ्याहत्तर नायच. तुझे शहाऐंशी हायेत. आठ तू सोता रिजेक्ट केले.”

नाना, मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. कुणालाही झाला असता. मला चोरी पकडल्यासारखं झालं. दोन महिने चारला उठतेय, झोप नाही, खाणं नाही, आणि हा माणूस अर्ध्या तासात एका खोडरबरापायी माझ्या सगळ्या कष्टांवर पाणी ओततोय! मी म्हटलं, तीन सुधारले ते का नाही धरत? तुम्ही म्हणालात, “तिनासाठी अकरा घालवायचे? कुठला धंदा हा?” आणि मग ते वाक्य टाकलंत, “तू पॅकहाऊसमधी बसून पेपर सोडवतीस.”

हे वाक्य मला तेव्हा कळलं, आणि कळलं म्हणूनच झोंबलं. आमच्या लाइनवर पहिला नियम तोच, शंका आली की मणी काढ. घडात एक मणी डागाळलेला वाटला, डाग आहे की धूळ हे बघत बसायचं नाही, कात्री लावायची. बोटीनं माल पोचेपर्यंत एका मण्यापायी सगळी पेटी सडते. नऊ वर्षं मी हेच करतेय, चाळीस बायकांना हेच शिकवतेय. तुमचं उलटं. तुमच्याकडे गेज, ठरल्या मापाची ती सळई. भोकात गेज गेलं तर माल पास, तुम्हाला आवडो न आवडो. “मनात आलं म्हनून माल रिजेक्ट केला असता ना, तर मशिनवाल्यानं मला पान्यानं हानला असता. शंका म्हंजे पुरावा नाय, मनीषा. कायदा शिकाया निघालीस आन नुसत्या शंकेवर फाशी देतीस?”

वर उदाहरणही काढून दाखवलंत. त्याच पेपरातलं. एकानं दुसऱ्याला पत्र लिहिलं, तुझी गाडी मला विक, उत्तर आलं नाही तर मी होकार समजेन. दुसरा गप्प राहिला. करार झाला का? मी आधी ‘नाही’ लिहिलं होतं. मग वाटलं, इतकं सोपं कसं असेल, आणि ‘हो’ केलं. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, “गप बसला म्हंजे हो म्हनला असं नाय, एवढं तर मला बी कळतं.”

आणि मी म्हणाले, “तुम्हाला काय कळतंय, नाना? दहावीला दोनदा नापास झालेल्या माणसानं मला परीक्षा शिकवू नये.”

ही गोष्ट मला आईंनी कधीतरी गमतीत सांगितली होती, चेष्टेचा विषय म्हणून. तिचं मी हत्यार केलं. दुसरं काही बोलले असते, म्हातारे झालात म्हटलं असतं, मध्ये पडू नका म्हटलं असतं, तर तुम्ही दुप्पट आवाजात भांडला असतात. पण तुम्ही पेपर घडी केलात, टेबलावर ठेवलात, वर घड्याळ ठेवलंत उडू नये म्हणून. “बरं,” म्हणालात. चप्पल घालून खाली फिरायला गेलात. बरं! तुम्ही जन्मात कधी कुणाला ‘बरं’ म्हणाला नव्हतात.

पुढचे सहा दिवस तुम्ही माझ्याशी अगदी नेहमीसारखे वागलात. दही लागलंय का बघ. बसला उशीर झाला का गं आज. गॅसवाला येऊन गेला. माझ्यावर चिडून बोलायचं असलं की तुम्ही ‘सूनबाई’ म्हणायचात, तेही म्हणाला नाहीत. मनीषाच म्हणत राहिलात. मी मनाची समजूत घातली की जाऊ दे, विसरले, माफ केलं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, या प्रश्नाचं उत्तर चुकवणारी मी, तुमच्या गप्प राहण्याचा मला हवा तो अर्थ लावून मोकळी झाले. म्हटलं, रविवारी मॉकच्या आधी पाया पडेन आणि म्हणेन, चुकलं माझं. सीझन जोरात होता, घरी यायलाच आठ वाजत होते. रविवार काय, आलाच होता.

शनिवारी दुपारी अमोलचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती. रिकामे क्रेट घेऊन नाशिकला निघालेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आले. तो बिचारा सारखा म्हणत होता, ताई, काय नाय व्हनार. मी त्याला म्हटलं, तुम्ही गाडी हाणा. पण तुम्ही थांबला नाहीत. भोंगा दहा मिनिटं आधीच वाजवलात. ही तुमची सवय मला कधीच पटली नाही, नाना, आणि आता तर मुळीच पटत नाही.

दहाव्याला गोदाघाटावर मी हट्टानं आले. मला कारण होतं. पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं तर्क करतात, कशात जीव अडकला असेल, आणि मग एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं शब्द देतो. मी मनात वाक्य घोळवत आले होते. कावळा येणार नाही, अमोल म्हणेल आईला सांभाळतो, तरी येणार नाही, मग मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, नाना, मी तुम्हाला जे बोलले ते परत घेते. भटजींनी पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरकले, तोच एक कावळा धपकन उतरला आणि खाऊ लागला. अमोलचं तोंड उघडायच्या आत! आत्यांनी डोळे पुसले. “भाग्यवान माझा भाऊ. कशात म्हणून जीव नव्हता अडकला.” सगळ्यांना बरं वाटलं. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. म्हणजे तुमचं काहीच राहिलं नव्हतं? माझ्याकडून काही यायचं नव्हतं? की घाटावरच्या त्या माजलेल्या कावळ्यांना कुणाच्या जिवाशी काही घेणंदेणंच नाही?

घरी येऊन मी आतल्या खोलीचं दार लावलं आणि जुने मॉक काढले. अडकलेल्या दोन महिन्यांतले सगळे, आठच्या आठ. खिडकीशी गेले, कागद तिरका धरला. खोडल्याचे वळ दिसले, तुम्ही म्हणालात तसे. मोजत गेले. कुठं सात गेले होते, कुठं नऊ. मी दोन महिने नवीन पुस्तकं वाचत होते आणि माझ्या हातात आधीच असलेली उत्तरं स्वतः कापून फेकत होते. तुमचं बरोबर होतं, नाना. सांगायला बाहेर आले तर तुमच्या खुर्चीत सोलापूरहून आलेले कुणी पाहुणे बसले होते.

परीक्षा आली बाराव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तेरावं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि आत्यांचं म्हणणं, घरातल्या सुनेनं आज उंबरा ओलांडायचा नसतो, लोक काय म्हणतील. मी खरं तर तयारच होते बसायला. मला वाटत होतं, तीच माझी शिक्षा. पण आई, ज्या इतक्या दिवसांत एक शब्द बोलल्या नव्हत्या, लाडवाच्या पिठातून हात न काढता म्हणाल्या, “ती घरात बसली तर हे परत येणारेत का? जाऊ द्या तिला. अमोल, गाडी काढ.”

कॉम्प्युटरसमोर बसले. अठरा मिनिटं राहिली आणि सगळे प्रश्न सोडवून झाले होते. शंका आली त्या प्रश्नावर खूण करून ठेवायची सोय असते. माझ्या एकोणीस खुणा होत्या. आणि हात वळवळायला लागला. खरंच सांगते, कात्री लावायला वळवळतो ना, तसा. हे ‘ब’ नसेल, ‘क’ असेल. इतकं सोपं कसं विचारतील. माऊस सोडला आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले. शेजारची मुलगी बघायला लागली. एकेक खूण डाव्या हातानं उघडायची, स्वतःला विचारायचं, शंका आहे की कारण आहे? शंकाच असायची. पुढे.

एकच बदललं. प्रश्नात ‘कोणते नाही’ असं होतं आणि मी ‘कोणते’ असं वाचून उत्तर दिलं होतं. तिथं कारण होतं, दाखवता येईल असं, म्हणून हात काढला, बदललं आणि परत मांडीखाली ठेवला. यावर तुम्ही वाद घातला असतात, एकदा बदलायचं नाय म्हनलं म्हंजे नाय. मीही सोडलं नसतं. गेज लावूनच बदललंय म्हटलं असतं. तो वाद मी जिंकले असते, नाना, मला खात्री आहे.

काल दुपारी उत्तरतालिका लागली. आपली उत्तरं शेजारी ठेवून मोजता येतात. मी दोनदा मोजले, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. एकोणीस खुणांपैकी चौदा बरोबर, एकूण एक्क्याण्णव. आणि मी खुर्चीवरून उठून ओरडले, “नाना, एक्क्याण्णव!”

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. आई दारात आल्या, हाताला पीठ तसंच. म्हटलं, आता या रडणार. त्या म्हणाल्या, “मला सांग. किती?”

“एक्क्याण्णव.”

“चांगले ना?”

“चांगले आहेत, आई.” आणि मग मला राहवेना. तिथंच खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. पेपर, खोडरबर, पॅकहाऊस आणि ते दहावीचं वाक्य, जसंच्या तसं. म्हटलं, मी त्यांना असं बोलले आणि ते गेले.

आई माझ्याजवळ जमिनीवर टेकल्या. “माहितीये मला. मी आतच होते की तेव्हा.”

“मग तुम्ही मला बोलला का नाहीत?”

“आले होते ना बोलायला, चांगली तणतणत. ह्यांनीच अडवलं मला खालून फिरून आल्यावर. म्हणाले, आता काय बोलू नको तिला, डोकं फिरंल तिचं. परीक्षा होऊ दे, मंग मीच बोलतो सूनबाईला चांगलं.”

परीक्षा झाली, नाना. आता बोला.